हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा : एका चलच्चित्रकाराच्या चरित्रसाधनांचा विचार

प्रस्तुत टिपणाचें शीर्षक पाहून पोथ्या, बखरी व दफ्तरें यांत रमणाऱ्या आमच्या वाचकांस किंचित् नवल वाटेल. चलच्चित्रांचा धंदा करमणुकीचा. त्याचा इतिहाससंशोधनाशीं संबंध काय, असा प्रश्न आम्हीहि एके काळीं करीत असूं, आणि त्या प्रश्नाचें आम्हांस काय मोल द्यावें लागलें तें शेवटीं सांगूं. येथें एवढेंच म्हणतों कीं, आपल्या देशांतील ज्या गृहस्थानें एखादा प्रसंग घडत असतां तो हालत्या चित्रांत प्रथम टिपून ठेविला, तो एका अर्थीं अखबारनवीसच होता. आणि त्याचें दफ्तर आज नाहींसें झालें आहे. दफ्तर बुडाल्यावर कारभाऱ्याचें चरित्र कोणत्या प्रमाणांवर लिहावें, हा प्रश्न तर सर्वस्वीं आपल्याच शास्त्रांतला आहे.

चरित्राची चौकट थोडक्यांत अशी. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांचा जन्म १८६८ सालचा व मृत्यु १९५८ सालचा. म्हणजे सुमारें नव्वद वर्षांचें दीर्घ आयुष्य त्यांस लाभलें. मुंबईंत ते सावेदादा या नांवानें ओळखले जात. (त्याच काळीं मुंबईंत नांवाजलेले डॉक्टर सर भालचंद्र कृष्ण भाटवडेकर हे निराळे. आडनांवावरून घोटाळा करूं नये.) सावेदादा मूळचे छायाचित्रकार, छायाचित्रें काढणें व त्या कामाचें सामान विकणें हा त्यांचा व्यवसाय. हा व्यवसाय त्यांनीं १८८० च्या सुमारास सुरू केला असें छापलेलें आढळतें, व एकानें लिहिलें तें दुसऱ्यानें उचललें आहे. परंतु जन्मसाल १८६८ धरिलें तर १८८० सालीं हे गृहस्थ बारा वर्षांचे होते! बारा वर्षांचा मुलगा दुकानांत काचा पुसूं शकेल. दुकान थाटूं शकणार नाहीं. दोहोंपैकीं एक साल चुकीचें, किंवा तो व्यवसाय घरांतील वडील माणसाचा, असें मानल्यावांचून गत्यंतर नाहीं. आमच्या मतें जन्माचें साल मोडण्यापेक्षां व्यवसायाचें साल दहाएक वर्षें पुढें ओढणें अधिक सयुक्तिक. कारण 'सुमारास' हा शब्द ज्या सालास चिकटलेला असतो तें साल बहुधा कोणाच्या तरी आठवणींतलें असतें. शकावल्या ताडून पाहणाऱ्यांस हा अनुभव नवा नाहीं.

ता. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईस वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. (योगायोग असा कीं, चौदा वर्षांनीं याच तारखेस पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. योगायोगास प्रमाण मानूं नये हें आम्ही जाणतों. परंतु नोंद करण्याचा मोह आवरत नाहीं.) खेळ दाखविणारा मारियस सेस्तिए हा ल्युमिएर यांचा माणूस ऑस्ट्रेलियास जातांना वाटेंत मुंबईस थांबला होता. तिकिटाचा दर एक रुपया. चित्रें सहा : स्टेशनांत येणारी आगगाडी, कारखान्यांतून बाहेर पडणारे मजूर, समुद्रस्नान, भिंत पाडण्याचें काम, अशा तऱ्हेचीं, आणि प्रत्येकाची लांबी पाऊण-एक मिनिटाची. लवकरच हे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहांत नेण्यांत आले, तेथें चार आण्यांपासून जागा मिळूं लागल्या व बायकांकरितां पडद्याच्या जागा राखल्या गेल्या. या खेळांनीं सावेदादांस नाद लाविला. इतर प्रेक्षकांनीं आगगाडी पाहिली असेल. छायाचित्रकाराचें लक्ष साहजिकच यंत्राकडे गेलें.

ल्युमिएर यांचें यंत्र एकटेंच तीन कामें करी : चित्र घेणें, त्याची प्रत उठविणें, व तें पडद्यावर टाकणें. परंतु त्या सालीं तें विकत मिळत नसे. मालकांनीं तें आपल्या माणसांच्याच हातीं ठेविलें होतें. तेव्हां सावेदादांनीं विलायतेकडे दृष्टि वळविली व ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्स या पेढीचें चित्र घेण्याचें यंत्र मागविलें. त्याची किंमत एकवीस गिनी अशी नोंदलेली आहे. चरित्रांत हा आंकडा नुसता उतरून घेतात, त्याचा हिशेब कोणी करीत नाहीं. एकवीस गिनी म्हणजे बावीस पौंड एक शिलिंग. रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स धरिल्यास सुमारें तीनशें तीस रुपये. जहाजाचें भाडें वेगळें. म्हणजे पहिल्या खेळाचीं तीनशें तीस तिकिटें. मध्यम स्थितींतील दुकानदारानें, ज्याचा पुढें काय उपयोग होईल हें कोणीच सांगूं शकत नव्हतें अशा वस्तूवर, एवढी रक्कम घातली. सावेदादांच्या स्वभावाविषयीं जें काय म्हणतां येईल तें या आंकड्यावरून. इतर विशेषणें पदरचीं होत.

या यंत्रानें घेतलेलें पहिलें चित्र कुस्तीचें. मलबार टेंकडीवरील हँगिंग गार्डनमध्यें पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती लावण्यांत आली व ती सावेदादांनीं टिपली. येथें एक सावधगिरी. १९१२ सालीं दादासाहेब तोरणे यांचें 'पुंडलिक' नांवाचें चित्र मुंबईस दाखविलें गेलें. तें नाटकावरून घेतलेलें, त्यांतील पुंडलिक निराळा, आणि या मल्लाशीं त्याचा कांहीं एक संबंध नाहीं. नामसादृश्यावरून वंशावळी जोडणारे लोक चलच्चित्रांच्या प्रांतांतहि आहेत, म्हणून हें लिहिणें प्राप्त झालें.

स्थळाची निवड विचार करण्याजोगी आहे. कुस्ती म्हटली म्हणजे तालीम, हौदा, लाल माती, तेथें अंधार. त्या काळच्या फिल्मच्या पट्टीस भरपूर ऊन लागे, आणि हँगिंग गार्डन हा टेंकडीच्या माथ्यावर, पाण्याच्या टांक्यांवर रचलेला उघडा बाग. मल्लांस उन्हांत आणणें सोपें. ऊन तालमींत नेणें अशक्य. हें आमचें अनुमान आहे, पण ज्यानें छायाचित्राचें काम केलें आहे तो त्यास रुकार देईल असें वाटतें. दुसरी गोष्ट वेळेची. या पट्टीच्या एका फुटांत सोळा चित्रें बसतात, व सेकंदास साधारण सोळा चित्रें घेण्याची चाल होती. म्हणजे दर सेकंदास एक फूट पट्टी जाई. बहुतेक यंत्रांत यासाठीं हातानें दांडा सेकंदास दोन वेळां फिरवावा लागे, आणि तोहि अगदीं एका लयींत; हात चुकला कीं पडद्यावरचा मल्ल धांवूं लागे किंवा रेंगाळूं लागे. त्या वेळच्या पट्ट्या साधारणतः पन्नास-पाऊणशें फुटांच्या असत. तेव्हां मिनिटा-सव्वामिनिटांत सलामी, पकड व चीत इतकें सगळें उरकावयाचें तर मल्लांस आधीं पढवून ठेविल्यावांचून तें साधणार नाहीं. ही कुस्ती 'लाविलेली' होती असें जें सांगतात तें या हिशेबाशीं जुळतें.

पट्टी भरली तरी चित्र हातीं येत नसे. ती धुण्याची सोय येथें नसल्यानें ती विलायतेस पाठविली गेली. टपालाची आगबोट एका बाजूस पंधरवडा घेई. म्हणजे आपण काय टिपलें, हात स्थिर होता कीं नाहीं, ऊन पुरलें कीं नाहीं, हें महिन्याहून अधिक काळानें कळावयाचें. आपला लेख आपणांसच वाचतां येत नाहीं, तो परदेशीं पाठवून वाचून आणावा लागतो, अशी स्थिति इतर कोणत्या लेखकावर आली असेल तें आम्हांस आठवत नाहीं. याच सुमारास दुसरें चित्र झालें तें माकडांस शिकविणाऱ्या एका माणसाचें व त्याच्या माकडांचें. पुढें त्यांनीं पडद्यावर चित्र टाकण्याचें यंत्रहि मिळविलें, आणि परदेशीं चित्रांच्या जोडीस आपलीं चित्रें घालून ते उघड्या मैदानांत खेळ करूं लागले.

कुस्तीच्या चित्राचें साल कोणी १८९७ देतात, कोणी १८९९. आम्ही १८९९ हेंच ग्राह्य मानतों. माकडांच्या चित्राचें साल १८९९ असेंच मिळतें, व हीं दोन चित्रें एकाच यंत्रानें लागोपाठ घेतलेलीं, हें सर्वच सांगतात. पुढील चित्रें १९०१ पासूनचीं आहेत. १८९७ हें साल यंत्र मागविण्याचें असून तेंच चित्रास चिकटलें असावें. लेख लिहिल्याचा शक आणि लेखांतील प्रसंगाचा शक यांची गल्लत ताम्रपटांच्या वाचनांतहि नेहमींची आहे.

सावेदादांस 'आद्य' म्हणण्याविषयींहि मर्यादा संभाळावी. भारतांत घेतलेलें पहिलें चित्र सावेदादांचें असें म्हणूं नये. १८९८ सालीं येथें आलेल्या एका परदेशीं खेळवाल्यानें पुण्याच्या घोड्यांच्या शर्यती टिपल्याची नोंद आहे. सावेदादा एकटे होते असेंहि नव्हे. कलकत्त्यास हिरालाल सेन याच काळांत या कामास लागले होते. मुंबईंतच ठाणावाला नांवाच्या गृहस्थानें १९०० सालीं मुंबईचे देखावे व ताबुतांची मिरवणूक यांचीं चित्रें घेतलीं. जें निश्चयानें म्हणतां येतें तें असें : एतद्देशीय माणसानें येथील प्रसंगाचें हालतें चित्र घेतल्याच्या ज्या नोंदी मिळतात, त्यांत सावेदादांची कुस्ती सर्वांत आधींची. इतकें पुरेसें आहे. याहून मोठा किताब देऊन माणसाची उंची वाढत नाहीं, फक्त वाद वाढतो.

आतां आम्ही या चरित्राच्या मुख्य स्थळाशीं आलों. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे दापोली तालुक्यांतील मुर्डीचे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत १८९९ सालीं ते सीनियर रँग्लर झाले. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय, आणि महाराष्ट्रास त्या वेळीं केवढा अभिमान वाटला असेल याची कल्पना आज येणें कठीण. शाळेंत आमचे गुरुजी गणितांत चुकणाऱ्या मुलास 'काय रे रँग्लर' म्हणून हिणवीत, तो शब्द तेव्हांपासूनच भाषेंत रुजला. १९०१ च्या डिसेंबरांत परांजपे विलायतेहून मुंबईस उतरले, आणि सावेदादा आपलें यंत्र घेऊन तेथें गेले.

या एका चित्रास आम्ही कुस्तीहून अधिक मोल देतों, आणि त्याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, सावेदादांच्या कामगिरींतील हा पहिला भक्कम कालनिर्देश. कुस्ती कोणत्या सालीं झाली हें चित्राच्या यादीवांचून दुसरें कांहींहि सांगत नाहीं. दोन मल्लांच्या आयुष्यांत त्या दिवसाची नोंद करणारा कोणी नव्हता. परांजप्यांचें आगमन मात्र चलच्चित्रांशीं मुळींच संबंध नसलेल्या साधनांनीं सिद्ध आहे. परस्परांशीं देणेंघेणें नसलेले दोन ओघ एका ठिकाणीं मिळाले म्हणजे तेथें पाय टेंकतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. चित्रांच्या कांहीं याद्यांत याचें साल १९०२ दिलेलें असतें. पट्टी विलायतेस जाऊन धुवून येईपर्यंत साल उलटलें असणार, असा त्याचा उलगडा आम्हांस सुचतो.

दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. कुस्ती व माकडें हे खेळ यंत्रापुढें मांडलेले होते. ऊन गेलें तर दुसऱ्या दिवशीं मल्लांस बोलावितां आलें असतें. परांजपे सावेदादांकरितां बोटीवरून पुन्हा उतरणार नव्हते. तेथें गर्दी होती, ती कोणी पढविलेली नव्हती. कोण पुढें येईल, कोण आड येईल, हें दांडा फिरविणाऱ्याच्या हातीं नव्हतें. बखर व पत्र यांत जो भेद, तोच येथें आहे. बखरकार प्रसंग रचून सांगतो. पत्र लिहिणारा प्रसंग चालू असतां लिहितो, म्हणूनच त्याच्या कागदांत त्याला स्वतःलाहि न कळलेल्या गोष्टी उतरतात. बखरीहून अस्सल कागदास अधिक प्रमाण मानावें, हा राजवाड्यांनीं आपणांस घालून दिलेला दंडक. तो लाविला तर सावेदादांनीं त्या दिवशीं एक अस्सल पत्र लिहिलें. स्वागतास कोण कोण आले होते, कोणाच्या डोक्यास पगडी व कोणाच्या पागोटें, हार कोणीं घातला, कोण मागें उभा राहिला, बंदरावरचा हमाल या सगळ्याकडे कसा पाहत होता, हें सर्व त्या पट्टींत असणार; आणि यांतील निम्म्या गोष्टी वर्तमानपत्रानें लिहावयाच्या योग्यतेच्या मानिल्या नसत्या.

इतर चित्रांविषयीं फार लिहिण्याजोगें नाहीं. ब्रिटिश पार्लमेंटचे पारशी सभासद सर मंचरजी भावनगरी यांचें मुंबईस उतरणें १९०१ सालीं टिपलें गेलें. त्याच सालच्या 'आतश बेहराम' या चित्राविषयीं एवढेंच सुचवितों कीं, पारशांच्या अग्यारींत परधर्मीयास प्रवेश नसल्यामुळें भाटवडेकरांचें यंत्र उंबऱ्याबाहेरच राहिलें असलें पाहिजे. तेव्हां नांवावरून आंतील अग्नीचें चित्र कल्पूं नये. ता. १ जानेवारी १९०३ रोजीं लॉर्ड कर्झन यांनीं दिल्लीस भरविलेल्या दरबाराचें चित्र हें त्यांच्या याद्यांतील शेवटचें. हत्ती, अंबाऱ्या, संस्थानिक यांचें तें प्रदर्शन टिपण्यास विलायती कंपन्याहि आल्या होत्या. त्या गर्दींत मुंबईचा एक दुकानदार आपलें तीनशें तीस रुपयांचें यंत्र घेऊन उभा राहिला, इतकें आमच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगें.

यानंतर सावेदादा चित्रें घेण्याच्या कामांतून बाहेर पडले व पुढें मुंबईच्या गेइटी नाटकगृहाचे व्यवस्थापक झाले. बोरीबंदरासमोरचें हें गृह पुढें कॅपिटॉल या नांवानें चित्रपटगृह म्हणून प्रसिद्धीस आलें. त्या धंद्यांत त्यांस पैसाहि चांगला मिळाला. चित्र घेणाऱ्यानें घेण्याचें सोडून दाखविण्याचें काम पत्करावें याबद्दल कांहीं लेखक हळहळतात. आम्हांस त्यांत हळहळण्याजोगें दिसत नाहीं. मिनिटाच्या चित्रासाठीं विलायतेचा फेरा आणि त्याचें उत्पन्न चार आण्यांच्या बाकांवर. व्यवहार पाहणारा माणूस यापरतें काय करील? दादासाहेब फाळक्यांचें 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं झळकलें, तेव्हां आमचे हरिश्चंद्र पंचेचाळीस वर्षांचे होते. त्यानंतरहि ते पंचेचाळीस वर्षें जगले. मूकपट आले नि गेले, बोलपट आले, आणि या सर्वांचा आरंभ ज्यानें पाहिला तो माणूस मुंबईंतच होता.

त्यांचें एकहि चित्र आज पाहावयास मिळत नाहीं. त्या काळची पट्टी ज्या द्रव्याची केलेली असे तें बंदुकीच्या कापसाच्या जातीचें. तें आपोआप पिंवळें पडतें, मग चिकट होतें, मग त्याची तपकिरी पूड होते. आणि मधल्या अवस्थेंत ठिणगी लागली तर पाण्यानें विझत नाहीं. आपल्या पोथ्यांस वाळवी व ओल हे दोन शत्रु. या पट्टीचा शत्रु तिच्या पोटांतच असतो. हिरालाल सेन यांचीं चित्रें १९१७ सालीं आगींत गेलीं. राष्ट्रीय फिल्म संग्रहालय पुण्यास १९६४ सालीं निघालें, तोंपर्यंत मूकपटांचा बहुतेक साठा नष्ट झालेला होता. आणि जें जमलें त्यांतलेंहि पुष्कळ २००३ सालच्या जानेवारींतील आगींत जळालें. आगीवांचूनहि नाश होई. पट्टीवरील थरांत चांदी असते, ती काढून घेण्यासाठीं जुन्या पट्ट्या वजनावर विकल्या जात. ताम्रपट वितळवून भांडीं करणारे लोक आपण ऐकले आहेत. हे त्यांचे धाकटे बंधु.

आरंभीं दिलेलें वचन आतां पुरें करतों. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं कोंकणांतील एक जुना वाडा पाडावयाचा होता, व घरांतील कागदपत्र पाहण्यास मालकांनीं आम्हांस बोलाविलें. आम्ही तीन दिवस माळ्यावर बसून रुमाल सोडले. इनामाचे कागद, दोन बाडें, एक खंडित ज्योतिषाची पोथी, एवढें निवडून बांधून घेतलें. पडवींत कांहीं पत्र्याचे वाटोळे डबे होते. मालकांनीं विचारलें, हें कांहीं आपल्या कामाचें आहे काय? एकाचें झांकण आम्ही उघडलें. आंबूस वास आला. वरचे वेढे चिकटलेले, आंतले शाबूत दिसले. आजोबा मुंबईस असतांना त्यांनीं हे कोठून तरी आणले होते, एवढेंच मालकांस ठाऊक होतें. करमणुकीच्या वस्तूंचा आम्हांस उपयोग नाहीं, असें आम्ही उत्तर दिलें, व आमच्या देखत ते डबे भंगारवाल्याच्या तागडींत पडले. त्यांत काय होतें? सावेदादांचें कांहीं होतें असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं, बहुधा नसेलच. कोणत्या सालचें, कोणाचें, कशाचें, हें पाहण्याइतका वेळहि आम्हीं त्यांस दिला नाहीं.

इनामाचे ते कागद पुढें आम्हीं यथामति टिपांसह छापले. त्याच रुमालांत घरांतील सामानाची एक यादी होती. तांब्याचे हंडे, समया, जाजमें, पलंग अशा क्रमानें नग घातलेली. ती त्या वेळीं आम्हीं छापण्यास अपात्र म्हणून बाजूस ठेविली. गेल्या वर्षीं रुमाल पुन्हा सोडिला तेव्हां ती नीट वाचली. शेवटून तिसऱ्या ओळींत मोडींत असें आहे : 'फिलमचे डबे नग ४, पडवींत, उन्हांत ठेवूं नये.'